मुंबईच्या कायद्याची गाडी

रविवार, ३ मे १९९८. सकाळपासून कडक ऊन. वारा नाही. दुपारी मुरबाडच्या अंगाला थोडं मळभ आलं आणि काही न करता निघून गेलं.

त्याच दुपारी, टोकावड्याच्या पुढच्या खिंडीत, साईनाथ निचितेने गाडीचं एक किरकोळ काम करून घ्यायचं ठरवलं. ठरवलं तेव्हा तो स्टिअरिंगवर होता. बायको गिरजा आणि मेहुणा दामू मागे होते. मागे म्हणजे मागच्या सीटवर नव्हे. गाडीच्या मागे, ढकलत.

"दाजी, ब्रेक काढलाव ना?"

"काढला रे."

"मग हिचा येवढा भार कशाचा?"

"ऐटीचा," गिरजा म्हणाली.

ऐट होती हे खरं. गाडी पांढरी, चार दारांची, थोडीच वापरलेली, आणि खास मुंबईची. शहापूरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या साईनाथने ती एका मुंबईकर साहेबांकडून घेतली होती. तिच्या मागच्या काचेवर हिरवी पट्टी चिकटवलेली होती: या गाडीत फक्त शिसं नसलेलं पेट्रोल घालावं. मुंबईत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना तेव्हा धूर साफ करणारा एक डबा सायलेन्सरच्या अलीकडे बसवावा लागे. गावाकडे जाणाऱ्या त्याच गाड्यांना तो नसे. ही माहिती साईनाथ आपल्या गावी, किन्हवलीत, कोणालाही, कोणी न विचारता, देत असे. "आपली गाडी मुंबईच्या कायद्याची आहे," तो म्हणे. (कायद्याचं पेट्रोल मात्र हायवेच्या पंपावरच मिळे, आणि तिकडे जायचं म्हणजे वाट वाकडी करणं आलं. म्हणून तो बरेचदा जवळच्या पंपावरचं साधं पेट्रोल भरी, आणि भरताना त्या पट्टीकडे पाठ करून उभा राही.)

"कायदा मुंबईचा आन् चढण आपली," गिरजा धापा टाकत म्हणाली. "दोघांचा काय घरोबा नाय."

खिंडीच्या पलीकडे खोलगटात एक वाडी होती. म्हणजे जाताना चढण, आणि येतानाही चढण. त्या वाडीत हिरी आत्या राहायची. गिरजाची ही लांबची आत्या धवलारीण होती. लग्नाच्या घरी हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणायचा मान तिचा. भटजी उशिरा आला तर लोक तंबाखू मळत थांबतात. धवलारीण आली नाही तर हळदीचा हात नवरीच्या गालाला लागतच नाही. गिरजाच्या हळदीला हिरी आत्याच गायली होती. गिरजाच्या आईने जग सोडताना एकच गोष्ट बजावली होती की नातीलाही हिरीच्याच तोंडून हळद लागू दे. आता ती नात, अक्षदा, लग्नाला उभी होती. नवरा मुरबाडचा, नाव मनोज. येत्या शनिवारी हळद, रविवारी लग्न. बाकी सगळं ठरलं होतं. हिरी आत्याला विडा द्यायचा तेवढा राहिला होता.

हिरी आत्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. गाडी खिंडीतून कशी आली ते तिने पहिल्यापासून पाहिलं होतं. गिरजाने साडी, नारळ, विडा पुढे ठेवला.

"येईन गो, का नाय येनार? पन जीपीत बसनार नाय. जीपवाला मानसं कोंबतो, धूळ सगळी नरड्यात. नरडं गेलं तं गाऊ कशानं? काचा लावून आनाल तं येईन."

"काचा आहेत, आत्या," साईनाथ घाईने म्हणाला. "चारी दारांना आहेत."

"दिसल्या मला. पन जावयबापू, एक सांगून ठेवते. मी चढनीला उतरनार नाय. बायकोला उतरवलाव, मला नाय उतरवायची."

साईनाथने छातीवर हात ठेवून शब्द दिला. (छाती त्या वेळी अगदी बरी होती. दुखत होती ती गिरजाची कंबर.)

मुरबाडात गणू मिस्त्रीचं गॅरेज होतं. मंगळवारी साईनाथने गाडी तिकडे नेली. गणू गाडीखाली जाण्याआधीच रोग सांगायचा, आणि खाली जाऊन आल्यावर तोच पुन्हा सांगायचा, फक्त जरा मोठ्या आवाजात.

"साहेब, ही गाडी नाक धरून पळते."

"म्हणजे?"

"तुमीच चिमटीत नाक धरा आन् चढा खिंड. चढाल का? हा डबा बघा. यातून धूर गाळून जातो. साधं पेट्रोल घातलं की डबा चोंदतो. चोंदला की धूर अडला, धूर अडला की जोर गेला. साधं घालता ना?"

"कधी... कधीतरी."

"कधीतरी म्हंजे रोज. इकडं काय गरज हाय याची? हा डबा मुंबईच्या हवेसाठी. आपली हवा कोन तपासायला येतंय? इकडच्या गाड्या कंपनीच बिनडब्याच्या पाठवते. ही गाडी आपन मुंबईची मुरबाडची करून टाकू."

साईनाथच्या अंगातला कारकून जागा झाला. "पण कायद्यात बसेल का?"

"गाडी राहते कुठं?"

"किन्हवलीला."

"मग मुंबईचा कायदा तिला कसा लागेल? तुमी मुंबईचं पानी पिता का?"

हा मुद्दा साईनाथला बिनतोड वाटला. (कचेरीतले बरेच निर्णय याहून कच्च्या मुद्द्यावर झालेले त्याने पाहिले होते.) गणूने डबा काढला, एका बाजूने कापला आणि आतला ऐवज अलगद बाहेर ओढला. विटेसारखा लांबट, भाजक्या मातीच्या रंगाचा ठोकळा. सगळ्या अंगाला बारीक बारीक भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. मग रिकामा डबा वेल्डिंग करून जागच्या जागी बसवला, म्हणजे खालून वाकून बघणाऱ्याला मुंबई दिसावी. वर कार्बोरेटरमध्येही पेट्रोलचा पुरवठा वाढवून दिला. "आता पोटभर खाईल," तो म्हणाला.

तो ठोकळा गणू भंगारात टाकणार होता, पण सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला काढलेली वस्तू टाकवत नाही. साईनाथने तो मागून घेतला. फुटू नये म्हणून मऊ सामानात ठेवावा, असा विचार करून त्याने तो हळदीसाठी बाजारातून घेतलेल्या पिशवीत ठेवला. त्या पिशवीत शिकेकाई, उटणं, साबण आणि दोन पंचे होते.

गाडी सुरू झाली आणि समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक पैसे न देता बाहेर येऊन बघू लागलं. आवाज भात झोडायच्या मशीनसारखा, पण पळ असा की सरळगाव कधी आलं ते साईनाथला कळलं नाही. वाटेत एका एस.टी.ला त्याने मागे टाकलं. (एस.टी. प्रवासी घ्यायला थांबली होती; पण मागे पडली हे खरंच ना?) किन्हवलीत शिरला तेव्हा त्याच्या आई, बाईजा, दारात येऊन उभ्या होत्या.

"काय रे साई, पिठाची गिरन आनलीस?"

"पिकअप आहे, आई, पिकअप!"

"असंल. भाकरीपुरतं दळून दे."

पिशवी घरात गेली. गाडी मांडवाच्या बाजूला उभी राहिली. पाहुणे यायला लागले. साईनाथ दिवसातून एकदा तरी कोणाला तरी बसवून गावाबाहेरच्या उतारावरून वर चढवून दाखवी, आणि गिरजा आचाऱ्याशी बोलता बोलता धुराकडे बघून नाकाला पदर लावी. तो नाकाला लावलेला पदर नीट समजून घेतला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण साईनाथला वाटलं, दमली असेल बिचारी.

शनिवारी सकाळी तो एकटाच हिरी आत्याला आणायला निघाला. खिंड गाडीने अशी घेतली की वर पोचल्यावर साईनाथने मुद्दाम थांबून मागे वळून बघितलं. आपण ढकलले गेलो होतो ती जागा त्याला खूप खाली दिसली.

हिरी आत्या नवी साडी नेसून तयार होती. मागच्या सीटवर मध्यभागी, मांडीवर पानाची चंची घेऊन ती बसली. साईनाथने चारी काचा स्वतःच्या हाताने गच्च लावल्या.

"धूळ येनार नाय ना, बापू?"

"धुळीची काय बिशाद, आत्या!"

धूळ आली नाही. हिरी आत्याने खूश होऊन गळा मोकळा करायला एक ओळ गुणगुणली. त्या वयातही आवाज काशाच्या भांड्यासारखा खणखणीत. साईनाथच्या अंगावर काटा आला. मग चढण सुरू झाली. साईनाथने गाडी दाबली, गाडी गरजली, आणि गणूने घाईत केलेल्या वेल्डिंगच्या फटीतून मुरबाडच्या कायद्याचा धूर फरशीखालून शांतपणे आत येऊ लागला.

"बापू, काय जळतंय?"

"काही नाही, आत्या. पिकअप आहे."

"मग जरा ते पिकअप बंद करा."

"आता बंद केलं तर उतरावं लागेल!"

हिरी आत्याने तोंडाला पदर लावला. एकदा खोकली, दोनदा खोकली. साईनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याला आनंदाचं वाटलं. टोकावडा मागे गेला तेव्हा त्याने आरशात बघितलं. आत्याचे ओठ हलत होते, हातवारे चालू होते, चेहऱ्यावर राग होता. आवाज मात्र नव्हता.

"काय म्हणालात?"

ओठ पुन्हा हलले. साईनाथने गाडी बाजूला घेतली, चारी दारं उघडली आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला. फाटक्या पिपाणीतून वारा जावा तसा तिच्या नरड्यातून आवाज आला.

"मेल्या, माझा गळा."

साईनाथने घड्याळ बघितलं. संध्याकाळी हळद. मांडवात मुरबाडची माणसं येणार. गिरजाच्या आईचा शब्द. आणि धवलारीण त्याने शब्द दिल्याप्रमाणे आणली होती. काचा लावून, चढणीला न उतरवता, आणि आवाजाशिवाय.

काचा उघड्या टाकून, जनावर चालवावं तशी गाडी चालवत त्याने कसंबसं मुरबाड गाठलं. हिरी आत्याला गॅरेजसमोरच्या चिंचेखाली खाटेवर बसवलं. गणूने गाडीखाली डोकावून निदान केलं.

"सांध्यातून गळतंय. आन् डबा रिकामा, म्हनून वास जास्त. ते आतलं पोळं आना, बसवून देतो. वरून चांगलं वेल्डिंग करतो. मग बघा, अगरबत्तीवानी जाईल."

"तूच काढायला सांगितलंस ना!"

"तेव्हा तुमाला जोर पायजे होता. आता वास नको. मी गिऱ्हाइकाच्या पुढं कधी जात नाय."

साईनाथ धावत टेलिफोन बूथवर गेला आणि किन्हवलीच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने मांडवातून दामूला बोलावून आणलं.

"दामू, हळदीच्या सामानाच्या पिशवीत एक वस्तू आहे. ती घेऊन ताबडतोब मुरबाडला ये."

"कसली वस्तू, दाजी?"

"मातीच्या विटेसारखी. सगळीकडे भोकं. गाडीचं पोळं आहे ते."

पलीकडून दामूने घसा खाकरला.

"दाजी, तुमी वजरीबद्दल तं बोलत नाय?"

"वजरी कसली? टाचा घासायची? वजरी नाही रे, पोळं!"

"तसं मग अवघड हाय," दामू म्हणाला. "बाईजामावशीनं पिशवीतून काढली. म्हनाली, साईनं पोरीच्या हळदीसाठी मुंबईची वजरी आनली, आपल्यात अशी मिळत नाय. न्हानीतल्या दगडावर ठेवलीय. मंगळवारपासून आले तेवढे पाहुने तिच्यावरच टाचा घासतात. आजबी न्हानीपुढं बायांची लाईन हाय. आताच मैनाकाकी आत गेल्या."

"बाहेर काढ! वस्तू बाहेर काढ!"

"मी कसा जाऊ न्हानीत?"

"किती राहिली आहे?"

"मघाशी अक्षदानं पाय घासले तवा साबनाच्या वडीयेवढी होती. पन दाजी, टाचा काय निघाल्यात! मैनाकाकीनं सांगितलंय, अजून दोन-चार आना."

साईनाथने डोळे मिटले. त्याच्या गाडीचा मुंबईचा कायदा किन्हवलीच्या न्हाणीतून, पागोळीखालच्या चरातून, अळूच्या वाफ्यात वाहून गेला होता.

"गिरजाला काही सांगू नकोस," तो म्हणाला.

"ताई माझ्या बाजूलाच उभी हाय."

फोनवर गिरजा आली. ती ओरडली नाही, म्हणून साईनाथला जास्त भीती वाटली.

"अवो, आत्या कशी हाय?"

"ठीक आहे. बसली आहे."

"बोलते का?"

साईनाथने काचेतून बाहेर बघितलं. चिंचेखाली हिरी आत्या गणू मिस्त्रीला हातांनी काहीतरी सांगत होती. गणू दोन पावलं मागे सरकला होता.

"खुणेने बोलते," तो म्हणाला.

"ऐका मग. तिला ज्येष्ठमधाचं पानी द्या. तिला बोलू देऊ नका. आन् त्या गाडीचं इंजिन पुन्यांदा चालू केलंत तं मुरबाडलाच रहा. दामूला धाडते."

दामूला घाईत जे वाहन मिळालं ते घेऊन तो आला. मांडवासाठी पाणी आणणारा ट्रॅक्टर होता तो. ट्रॉली सोडून ठेवली होती. हिरी आत्याने ट्रॅक्टरकडे बघून मान हलवली. जीप नको, ट्रॅक्टर नको, एस.टी. तर धवलारणीच्या मानाला शोभत नाही. विडा देताना गाडी ठरली, तर गाडीच. ती पुन्हा गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने बोटाने काचांकडे खूण केली.

मग दामूने लांब दोरखंड काढला. एक टोक ट्रॅक्टरला, दुसरं गाडीच्या पुढच्या हुकाला. साईनाथ स्टिअरिंगवर बसला. काचा लावल्या. इंजिन बंद. मुरबाडहून किन्हवलीपर्यंत गाडी आली ती आवाजाशिवाय, धुराशिवाय, वासाशिवाय. त्या घडीला ती जगातल्या कोणत्याही शहराच्या कायद्यात बसली असती. सरळगावला पोरं टाळ्या पिटत मागे धावली. मंगळवारी मागे टाकलेल्या एस.टी.ने या खेपेला त्यांना मागे टाकलं, आणि कंडक्टरने आदराने हात केला. (साईनाथनेही केला. तेवढंच त्याच्या हातात होतं.)

किन्हवलीला मांडवापुढे सगळा गोतावळा उभा होता. गिरजाने दार उघडलं, आत्याला हाताला धरून उतरवलं आणि नवऱ्याकडे न बघता आत घेऊन गेली. तिथून संध्याकाळपर्यंत आत्याच्या खोलीत ज्येष्ठमध, गरम पाणी, हळद-दूध असा मारा चालू राहिला. साईनाथ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. कोणी जेवायला बोलावलं नाही आणि त्याला भूकही नव्हती.

मुरबाडची मंडळी आली. विहीणबाई पुढे बसल्या. अक्षदा पाटावर बसली, हळदीची वाटी पुढे आली, वाजंत्री थांबली. हिरी आत्या पाटाशेजारी बसली होती. तिने चंची उघडली, पान तोंडात न घालता तशीच बंद केली. मांडवात कोणी हललं नाही. गिरजाने हळदीची बोटं नवरीच्या गालापाशी नेऊन तिथेच थांबवली होती.

हिरी आत्याने तोंड उघडलं. घरघर आली. ती थांबली, घोटभर पाणी प्याली, पुन्हा तोंड उघडलं. पहिला शब्द फाटला, दुसरा अडखळला, आणि तिसऱ्यापासून आवाज लागला. रोजच्यापेक्षा जरा खालच्या पट्टीतला, भरदार, मांडवाच्या झावळ्यांना लागून परत येणारा. गिरजाची बोटं अक्षदाच्या गालाला टेकली. साईनाथने खांब सोडला. धोतराच्या सोग्याने तो डोळे पुसत होता, तेवढ्यात धवल्याच्या पुढच्या ओळी आल्या:

हळद दळिली जात्यावं, गो,
हळद लागली नवरीला;
मांडव घातला बापानं, गो,
तोरन बांधलं दारीला;
बापानं आनली मोटार, गो,
मोटार बांधली दोरीला;
धूर सोडिला खिंडीत, गो,
घोर लाविला म्हातारीला!

मांडव हसून लोटपोट झाला. बायांनी शेवटच्या ओळी पुन्हा म्हणायला लावल्या. गिरजा पदरात तोंड लपवून हसत होती. हसताना एकदा तिने नवऱ्याकडे बघितलं. तेवढ्यावर साईनाथ जेवायला बसला, आणि तीन वेळा भात मागून घेतला.

हळद उतरताना विहीणबाईंची नजर सुनेच्या पायांकडे गेली. "सूनबाईच्या टाचा काय सुरेख हो! आन् तुमच्याबी. काय लावता?"

"मुंबईची वजरी हाय," बाईजा अभिमानाने म्हणाल्या. "माझा साई गाडीतनं काढून आनतो."

रविवारी लग्न लागलं.

सोमवार, ११ मे. ढगाळ, सकाळी थोडा वारा. वजरीचा उरलेला तुकडा विहीणबाई मुरबाडला घेऊन गेल्या. गणू मिस्त्रीने येऊन गाडीचे सांधे पुन्हा वेल्डिंग केले आणि वास पूर्ण बंद झाला असं सांगितलं. साईनाथने गाडी चालू करून दारापुढे आणली. हिरी आत्याने ती बघितली आणि दामूला हाक मारली. दामूने ट्रॅक्टर पुढे लावला, दोरखंड बांधला. हिरी आत्या मागच्या सीटवर बसून, चारी काचा लावून, दुपारच्या जेवणाच्या आत वाडीला पोचली. खिंडीत कोणालाही उतरावं लागलं नाही.